रायबंदरचा कॉजवे: चारशे वर्षांचा दगडी पूल टिकला कशामुळे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: माशेलहून पणजीला येताना तुमची बस रोज रायबंदरच्या कॉजवेवरून येते. हा मध्ययुगीन दगडी पूल लाकडाच्या ओंडक्यांवर उभा आहे, त्याच्या चुन्यात गूळ घातलेला आहे आणि म्हणून तो चारशे वर्षं टिकला, असं तुम्ही घरी ऐकत आलात. उलट मांडवीवरचा काँक्रीटचा नेहरू पूल बांधून दोन दशकंही झाली नव्हती, तोच १९८६ मध्ये कोसळला. मग आज तसे दगडी पूल का बांधत नाहीत? आणि कॉलेजच्या प्रकल्पासाठी या पुलाचं नेमकं काय मोजावं?

मी गोव्यात जुन्या जांभ्याच्या बांधकामांची दुरुस्ती करतो. देवळांच्या तळ्या, चर्चच्या भिंती, खाजनांचे (खाडीकाठच्या सखल जमिनींचे) बांध आणि त्यांतल्या मानशी, म्हणजे पाण्याची दारं, ही माझी रोजची कामं. त्या अनुभवावरून सांगतो की या पुलाच्या टिकण्याचं कारण गुळात शोधायला गेलात तर फारसं हाती लागणार नाही. पाण्यात शोधलंत तर लागेल. हाच पूल उचलून थोडा उत्तरेला, मांडवीच्या खोल पात्रात नेऊन ठेवला असता, तर त्याचा मागमूसही उरला नसता. म्हणून 'जुनं ते मजबूत' हे वाक्य आधी बाजूला ठेवू. कोणत्या जागी, किती भाराखाली आणि कोणाच्या देखभालीत, हे विचारल्याशिवाय टिकण्याबद्दल बोलताच येत नाही.

आता इतिहास. पूल १६३३-३४ मध्ये बांधला गेला. तेव्हा गोव्याचा व्हाइसरॉय होता दों मिगेल द नोरोन्या, लिन्हारेसचा चौथा काउंट. तो १६२९ ते १६३५ या काळात इथे होता आणि त्याच्याच पदवीवरून पुलाला पोंत-द-लिन्हारेस म्हणतात. कामाची धुरा जुन्या गोव्यातल्या जेझुइट कॉलेजच्या पाद्र्यांनी सांभाळली. जांभ्याचे चिरे काढणारे, चुन्यासाठी शिंपले भाजणारे, ओहोटीला कंबरभर रेंद्यात (चिखलात) उतरणारे लोक मात्र इथलेच असणार. त्यांची नावं कोणी दगडावर कोरली नाहीत.

काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो, शिवाजी महाराज तेव्हा तीन-चार वर्षांचे होते. आपल्या शाळेच्या पुस्तकाप्रमाणे हा पूल मध्ययुगात बसतो. युरोपच्या हिशेबात मध्ययुग संपून शंभरावर वर्षं उलटली होती. पण बांधण्याची रीत पाहाल तर ती मध्ययुगीनच आहे, म्हणून घरच्यांचं अगदीच चुकलेलं नाही. पदार्थांच्या मजबुतीबद्दल गॅलिलिओचं लिखाण छापून आलं १६३८ मध्ये. लोंबती साखळी उलटी केली की कमानीचा योग्य आकार मिळतो हे रॉबर्ट हूकने मांडलं १६७५ मध्ये. म्हणजे रायबंदरला चिरे रचले जात होते तेव्हा कमान का उभी राहते याचं गणित जगात कुणाकडेच नव्हतं. होते ते ठोकताळे: गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, एवढा असेल तर खांब एवढा जाड, कमानीची जाडी एवढी. हे ठोकताळे पिढ्यान्‌पिढ्या पडझडीतून शिकलेले असतात.

मधूनमधून कोणीतरी हा पूल, किंवा गोव्यातली कुठलीही जुनी मोरी, पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीच्या कदंब राजांच्या काळातली असल्याचं सांगतं. ते मानण्याआधी कमानीकडे पाहा. तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ कदंब काळातलं आहे. बेसाल्टचं ते काम इतकं कसलेलं आहे की दगडात आपल्या लोकांचा हात किती बसला होता याबद्दल शंका उरत नाही. पण तिथे भार पेलतात ते खांब आणि त्यांवर आडव्या टाकलेल्या तुळया. हंपीजवळ तुंगभद्रेत विजयनगरच्या काळातल्या पुलाचे दगडी खांब आजही ओळीने उभे आहेत. तिथेही तीच रीत: उभे खांब, वर आडवे दगड. पाचरीसारखे दगड एकमेकांना रेटून तोललेली खरी कमान आपल्याकडे सुलतानांच्या काळात रुजली. फोंड्याची साफा मशीद १५६० ची, तिच्या तळीच्या भिंतीतल्या जांभ्याच्या कमानी जरूर पाहून या. पोर्तुगीजांनी हा पूल बांधायला घेतला तेव्हा जांभ्यात कमान वळवणं इथल्या गवंड्यांना नवीन नव्हतं. म्हणून अर्धगोल कमान दिसली की ती थेट कदंबांपर्यंत नेणं मला पटत नाही. दगड जुना असू शकतो, कुठून तरी काढून आणून पुन्हा वापरलेलाही असू शकतो. कमान आपला काळ सांगते.

पूल बांधला तेव्हा पोर्तुगीजांचे दिवस काही चांगले नव्हते. १६३२ मध्ये शाहजहानच्या फौजेने हुगळी घेतली होती. डचांनी समुद्रावर सळो की पळो करून सोडलं होतं, इतकं की १६३५ च्या जानेवारीत याच व्हाइसरॉयने इंग्रजांशी गोव्यात तह केला. अशा ओढगस्तीत तीन किलोमीटरचं दगडी काम कशाला काढलं? राजधानी होती आजच्या जुन्या गोव्यात, आणि समुद्रातून येणारी जहाजं आधी पणजीशी येत. पणजीत तेव्हा आदिलशहाचा वाडा, एक चर्च आणि थोडी घरं. रायबंदरपर्यंत कोरडी जमीन, पुढे पणजीच्या टेकडीपर्यंत सगळं दलदलीचं: खाजन, मिठागरं, कांदळ (खारफुटी). जायचं तर होडीने, नाहीतर दलदलीला लांब वळसा घालून. राज्य करणाऱ्याला भरती-ओहोटी न विचारता जाता येईल अशी वाट हवी होती.

भरती काय करू शकते हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी जुवे बेटावरचा किल्ला घेतला. तोंड द्यायला आलेल्या तेव्हाच्या व्हाइसरॉयला माघार घ्यावी लागली. त्याच मोहिमेत भरतीच्या पाण्यात महाराजांचा घोडा वाहू लागला आणि खंडो बल्लाळांनी उडी घालून त्यांना वाचवलं, अशी परंपरा आहे. जुवे या कॉजवेपासून फार लांब नाही, ते याच मांडवीच्या वरच्या अंगाला आहे. हे पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. पणजीच्या तोंडाशी उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) साधारण २.३ मीटर, भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला) मीटरभर.

रस्ता आधी झाला, राजधानी मागाहून त्याच्यावरून चालत आली. रोगराईने जुनं गोवा ओस पडत गेलं, १७५९ मध्ये व्हाइसरॉयने पणजीला मुक्काम हलवला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली.

आता बांधणीकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. आपण याला पूल म्हणतो, पण नकाशा काढून पाहा. तो मांडवी ओलांडतच नाही. नदीच्या दक्षिण काठाला धरून, नदीला जवळजवळ समांतर असा पसरलेला आहे. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला रायबंदर-चिंबल-मेरशीकडची खाजनं आणि मिठागरं. त्याची बहुतेक लांबी म्हणजे दोन बाजूंना जांभ्याच्या भिंती, मध्ये माती-दगडाचा भराव, वर रस्ता. अधूनमधून कमानी. 'एके काळी आशियातला सर्वांत लांब पूल' असं त्याच्याबद्दल हमखास सांगितलं जातं. त्या लांबीचा मला फारसा अचंबा वाटत नाही, कारण ती मुख्यतः बांधाची लांबी आहे. चीनमध्ये फुजियान प्रांतात आनपिंगचा पूल आहे, बाराव्या शतकातला, ग्रॅनाइटच्या आडव्या शिळा टाकलेला, सुमारे दोन किलोमीटर. तो लांबीने कमी असेल, पण शेवटपर्यंत खांबांवर उभा आहे. दोघांची तुलना करणंच चुकीचं. आपला कॉजवे हा खाजनाचा एक मोठा, दगडी, चाकांसाठी बांधलेला बांध आहे आणि त्यातल्या कमानी म्हणजे पाण्याच्या वाटा.

खाजनाचं काम कधी केलं नसेल तर हे सहज लक्षात येत नाही. खाजन म्हणजे खाडीकाठची समुद्राच्या भरतीपेक्षा खालची जमीन. तिला बांध घालायचा, बांधात मानस बसवायची, मानशीच्या दारांतून पाणी हवं तेव्हा आत घ्यायचं, नको तेव्हा अडवायचं. गोव्यातल्या गावकऱ्या, म्हणजे गावांच्या सामाईक संस्था, पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीपासून हे करत आल्या आहेत. मिठागराला तर भरतीचं खारं पाणी मिळालंच पाहिजे. आता समजा लिन्हारेसने तीन किलोमीटरची सलग भिंत घातली असती. आतली मिठागरं कोरडी पडली असती, आणि पावसाळ्यात चिंबलच्या टेकडीवरून उतरणारं पाणी आत तुंबून भिंतीला आतून रेटत राहिलं असतं. गोव्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नदी बाहेरून ओहोटीला उतरलेली आणि आत पाणी तुडुंब, अशा वेळी भिंत नदीच्या बाजूला कलंडते. जुने बांध फुटतात ते बहुतेक असेच, आणि भरतीऐवजी ओहोटीलाच जास्त. भरतीला दोन्हीकडचं पाणी एकमेकांना तोलून धरतं.

कमानी असल्यामुळे पाणी दोन्ही बाजूंना जवळजवळ एकाच पातळीवर राहतं. भिंतीवर एकतर्फी दाब येत नाही. शिवाय नदीचा मुख्य प्रवाह कमानींतून आडवा जातच नाही, तो शेजारून वाहतो. कमानींतून फिरतं ते भरती-ओहोटीचं संथ पाणी, एकदा आत, एकदा बाहेर. युरोपातल्या खऱ्या मध्ययुगीन पुलांचं दुखणं नेमकं उलट होतं. जुना लंडन पूल, ११७६ ते १२०९ मध्ये बांधलेला, एकोणीस कमानींचा. त्याचे खांब आणि खांबांभोवतीचे लाकडी-दगडी चबुतरे इतके जाड की टेम्स नदीची वाटच अडली. उरलेल्या फटींतून पाणी धबधब्यासारखं कोसळायचं आणि तळ खरवडून न्यायचं. फ्रान्समध्ये रोन नदीवरच्या आविन्योंच्या पुलाच्या बावीस कमानींपैकी आज चार उरल्यात, बाकीच्या पुरांनी नेल्या. खांबाच्या पायाखालची माती पाण्याने ओढून नेणं हे दगडी पुलाच्या मरणाचं जगभरातलं पहिलं कारण आहे. दगड कुजून पूल पडल्याचं मी क्वचितच ऐकलंय. पायाखालचा आधार गेल्याने पडल्याचं नेहमी.

लंडनच्या त्या जाड खांबांना नावं ठेवण्याआधी त्यांची अडचण समजून घ्या. कमान आपल्या दोन्ही टोकांना बाहेर ढकलत असते. ओळीने कमानी असतील तर शेजारच्या कमानींचे रेटे एकमेकांना तोलतात. पण मधली एक कमान पडली की शेजारचा खांब एका बाजूने उघडा पडतो, आणि बारीक असेल तर तोही जातो, मग त्याच्या पुढचा. म्हणून मध्ययुगीन गवंडी प्रत्येक खांब एकटा उभा राहील इतका जाड करत. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पेरोने या अभियंत्याने खांब बारीक केले ते हा धोका पत्करूनच. रायबंदरला हा प्रश्न अर्ध्याहून अधिक आपोआप सुटलाय. कमानींच्या गटांच्या दोन्ही अंगांना भरीव बांध आहे, रेटा खाऊन टाकायला त्यापेक्षा चांगला आधार नाही. एखादी कमान गेली तरी पडझड त्या गटापुरतीच राहील.

तर इथपर्यंतचं सार एवढंच: संथ पाणी, दोन्हीकडून सारखा दाब, लहान गाळे, बाजूला भक्कम भराव. बाकी सगळं यानंतर.

आता ओंडके. झांबो नावाच्या स्थानिक झाडाचे ओंडके पायाखाली घातले, असं या पुलाच्या बहुतेक वर्णनांत सांगितलेलं असतं. ऐकणाऱ्याला ते चमत्कारिक वाटतं, कारण लाकूड कुजतं हे आपण सगळे जाणतो. पण लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते. कायम पाण्याखाली, चिखलात गाडलेल्या लाकडाला हवा मिळत नाही आणि ते शतकानुशतकं राहतं. व्हेनिस असंच उभं आहे. खाऱ्या पाण्यात दुसरा एक शत्रू आहे, लाकूड पोखरणारी समुद्री अळी. होड्यावाल्यांना ती चांगली माहीत असते. ती उघड्या लाकडाला लागते, चिखलात पुरलेल्या लाकडाला नाही. त्यामुळे ओंडके टिकतात हे खरं, पण अट अशी की त्यांच्यावरचा चिखल जागेवर राहिला पाहिजे. कोणी पुलाच्या पायथ्याशी गाळ उपसला, गटारासाठी चर खणला आणि ओंडके ओहोटीला उघडे पडू लागले, तर चारशे वर्षं टिकलेलं लाकूड दहा-वीस वर्षांत जाऊ शकतं. गाळ काढणं म्हणजे स्वच्छता, असं समजणाऱ्यांना हे पटवताना मला नेहमी कष्ट पडतात.

ओंडक्यांचं काम तरी काय? खाली खडक लागेपर्यंत ते पोचवले असतील, अशी कल्पना करू नका. मऊ चिखलावर भार पसरवणं हे त्यांचं काम. चिखलावर भार ठेवला की त्यातलं पाणी हळूहळू निघून जातं आणि उरलेली माती घट्ट होते, फडक्यात बांधलेलं दही रात्रभर टांगलं की चक्का होतो तसं. मऊ खाडीमातीत ही क्रिया वर्षानुवर्षं चालते. पहिल्या काही दशकांत हा बांध खाली बसला असणार, कुठे कमी, कुठे जास्त. आणि इथे चुन्याचा संबंध येतो.

गोव्यात चुनखडीचे डोंगर नाहीत. चुना यायचा शिंपल्यांपासून, कालवं-तिसऱ्यांची टरफलं भट्टीत भाजून. तो विरवायचा, दिवसेंदिवस भिजत ठेवायचा, चुन्याच्या घाण्यावर वाळूबरोबर घोटायचा. चुना सिमेंटपेक्षा कमी ताकदीचा असतो आणि या जागी तोच त्याचा गुण ठरतो. बांधकाम जरा बसलं की चुना थोडं देतो, बारीक भेगा पडतात, ओलाव्यात विरघळलेला चुना पुन्हा त्या भेगांत बसून त्या बुजतात. सिमेंट असं देत नाही. ते तडकतं, किंवा स्वतः शाबूत राहून शेजारचा चिरा फोडतं.

गुळाबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. गूळ, हिरडा, बेल, उडीद असे पदार्थ चुन्यात घालण्याची रीत आपल्याकडे खरीच आहे, मीही गिलाव्याच्या कामात गूळ-हिरड्याचं पाणी वापरतो. त्याने चुना लवचिक राहतो, सावकाश सुकतो, भेगा कमी पडतात. पण ते तोंडी लावणं आहे, जेवण नव्हे. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, सतत ओल्या जागी त्याला हवाच मिळत नाही. भरतीच्या रेषेखाली चुना बांधायचा तर त्यात सुर्खी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, यासारखं काहीतरी हवं. कुठल्याही जुन्या पुलाच्या चुन्याचं गुपित शोधायचं असेल तर गुळाच्या आधी मी सुर्खी शोधीन. लालसर कण भिंगाखालीही दिसतात.

दगड जांभा. चिरेखाणीतून काढताना ओला आणि मऊ असतो, इतका की पूर्वी कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासत. हवा लागली की कडक होतो. तरीही दगडांच्या जातीत तो दुबळाच. आजच्या भारतीय मानकानुसार चिऱ्याची दाब सहन करण्याची ताकद किमान ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असली की चालतो. पुलाचं साधं काँक्रीट त्याच्या दहापट. मग भागलं कसं? कमानीत दगडाला फक्त दाब सोसायचा असतो, आणि लहान गाळ्यात तो दाब चिऱ्याच्या ताकदीच्या जवळपासही जात नाही. दगडी कमान बहुधा दगड चिरडून पडत नाही, आकार बिघडून पडते.

एक ढोबळ हिशेब करून पाहा. समजा चार मीटरचा गाळा, सहा मीटर रुंदी, कमान आणि भराव मिळून सरासरी सव्वा मीटर जाडी. घनमीटरला दोन टन धरले तर साठ टन झाले. तुमची भरलेली बस बारा-पंधरा टनांची. कमानीच्या दृष्टीने बस म्हणजे पाहुणा, ती आल्याने दाबाची रेषा, म्हणजे भार कमानीतून ज्या वाटेने खाली उतरतो ती, थोडी सरकते आणि बस गेली की जागेवर येते. हलक्या, सडपातळ पुलाला हे सुख नसतं.

जांभ्याची खरी भानगड पाण्याची आहे. तो सच्छिद्र असतो, पाणी पितो, खारं पाणी प्यायला की सुकताना मीठ बाहेर येतं आणि पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. म्हणून जुने लोक जांभ्यावर चुन्याचा गिलावा देत. जुन्या गोव्यातल्या बोम जेझुसच्या बासिलिकेचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला आणि तेव्हापासून तो उघडा जांभा दर पावसाळ्यात झिजतोय. पर्यटकांना तो लाल दगड 'अस्सल' वाटतो. मला त्या भिंती पाहिल्या की सोललेल्या वाटतात.

नेहरू पुलाकडे वळू. तो मांडवी खरोखर ओलांडत होता, जहाजं आणि बार्ज खालून जाव्यात इतका उंच आणि लांब गाळ्यांचा. असा गाळा दगडात होतच नाही. त्यासाठी काँक्रीटमध्ये ताणलेल्या पोलादी तारा लागतात. ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला, आणि मुख्य कारण खाऱ्या हवेत त्या ताणलेल्या तारांना लागलेला गंज. गंज आतून लागतो, बाहेरून पूल ठणठणीत दिसतो. रायबंदरच्या कॉजवेत गंजायला काही नाही, हा त्याचा फायदा. त्याच्या हातून मांडवी ओलांडणं होणार नाही, ही त्याची मर्यादा. दोघांना एकाच परीक्षेला बसवू नका. आणि ज्या काळातला हा एक पूल आपण कौतुकाने पाहतो, त्या काळातले वाहून गेलेले साकव आणि पूल आपल्याला दिसत नाहीत, त्यांची मोजदाद कोण करणार?

मग आज तसे का बांधत नाहीत? मांडवीवरच्या अटल सेतूसारखा पूल दगडात अशक्य आहे. ओढ्यावरच्या तीन-चार मीटरच्या मोरीसाठी मात्र जांभ्याची कमान आजही चांगली, आणि माझं मत विचाराल तर पाइप टाकण्यापेक्षा उत्तम. अडचण कारागिरांची आहे. कमानीचं सेंटरिंग लावून चिरे वळवणारा गवंडी मिळाला तरी चुना आठवडाभर भिजवायला थांबेल असा ठेकेदार मिळत नाही. एका गावातल्या जुन्या मोरीच्या दरजा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, ठेकेदाराने माझा सल्ला धुडकावून सिमेंटने भरल्या. दोन पावसाळ्यांत दरजा तशाच उभ्या राहिल्या आणि मधले चिरे चार बोटं आत झिजले. पाणी सिमेंटमधून बाहेर पडेना, म्हणून दगडातून पडू लागलं. कॉजवेचंही भलं करायचं असेल तर पहिला नियम हाच: सिमेंट नको. दुसरा, दर खेपेला जुन्या डांबरावर नवा थर चढवू नका. वजन वाढतं, रस्ता उंच होतो, कठडा तेवढा बुटका होतो आणि पाणी भरावात शिरतं.

प्रकल्पाचं म्हणाल तर पूर्ण पूल अंगावर घेऊ नका, कमानींचा एकच गट निवडा. उधाणाच्या दिवशी, पावसाळा सोडून, ओहोटीच्या तासभर आधी पोचा. प्रत्येक कमानीचा गाळा आणि उंची मोजा, आणि कमान अर्धगोल आहे की दोन्ही खांद्यांना खाली बसलीय ते दोरी ताणून पाहा. माथ्यावरचा चिरा सरकला असेल तर भेग कमानीच्या खालून दिसेल. मग सगळ्यात महत्त्वाचं: पुलाच्या दोन्ही बाजूंना मोजपट्टी रोवून दर पंधरा मिनिटांनी पाण्याची पातळी लिहा, एका पूर्ण भरती-ओहोटीची. दोन्हीकडच्या पातळीत फरक पडत असेल, आतलं पाणी मागे राहत असेल, तर कमानीचं तोंड गाळाने किंवा कांदळाने आवळलं जातंय असं समजा. तिथे भिंतीवर एकतर्फी दाब आहे, आणि दुरुस्ती करायची झाली तर सुरुवात तिथूनच. कांदळ मात्र स्वतः तोडू नका, सीआरझेडच्या (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या) नियमांत ते संरक्षित आहे आणि त्याची मुळं पायथ्याचा चिखल धरूनही ठेवतात. तोंडासमोरचं किती काढायचं आणि पायथ्याचं किती ठेवायचं हे वनखात्याबरोबर ठरवायचं काम आहे. भिंतीच्या दरजांतून उगवलेले पिंपळ-वड दिसले तर त्यांची जागा नकाशावर टिपा, पण ओढून काढू नका, मुळाबरोबर चिरे बाहेर येतात.

मोजमापं झाली की आकडे पाठवा. दोन्ही बाजूंच्या पाण्याचा आलेख एकाच कागदावर काढलात तर पुढचं मला सांगता येईल.